फोटोतला ठिपका

फेब्रुवारीत आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी जुने फोटो टाकले. जुलै २०१८ मधले. दिवे घाट चढून वर गेलं की सासवडच्या अलीकडे जो माळ लागतो, तिथं आम्ही तीस-पस्तीस जणांनी एका रविवारी झाडं लावली होती, त्याचे. माउलींची पालखी घाटातून वर जाऊन दोनेक आठवडे झाले होते, माळावर नुकती कुठं हिरवी लव धरली होती. सगळ्यांच्या अंगात एकसारखे हिरवे टीशर्ट, हातात कुदळी, पोरांच्या गुडघ्यांपर्यंत चिखल. एका फोटोत मी आहे. उकिडवी बसलेय, दोन्ही हातांनी रोपाच्या बुडाशी माती दाबतेय आणि मान वर करून हसतेय. फोटो छान आलाय. मी तो आईला पाठवला, मग सवयीनं दोन बोटांनी मोठा करून बघायला लागले. स्वतःला नाही, मागचा माळ. गेली काही वर्षं कुठलाही फोटो हातात आला की माझी नजर आधी मागं जाते. तारेवर काही बसलंय का, झुडपात काही हललंय का. माझ्या डाव्या खांद्याच्या मागं, जेसीबीनं काढलेल्या चरापासून थोड्या अंतरावर, एक तपकिरी ठिपका होता. ताठ उभा. आणि त्याच्याखाली दोन फिकट रेघा, म्हणजे रेघा असाव्यात असं वाटायला लावणारं काहीतरी.

धाविक?

ज्यांच्याबरोबर मी पक्षी बघायला जाते त्या काकांना फोटो पाठवला. बँकेतून निवृत्त झालेले, तीस वर्षं दुर्बीण गळ्यात असलेले. तासाभरानं त्यांचा फोन आला. “दगड असेल,” ते म्हणाले. “धाविकही असू शकेल. पण एवढ्यावरून मी काही सांगणार नाही.” काका कधी अंदाजानं बोलत नाहीत, म्हणून तर त्यांचा शब्द मला पुरतो. या वेळी पुरला नाही. रात्री दिवा मालवल्यावर मी पुन्हा तो फोटो उघडला. मोठा केला की ठिपक्याचे चौकोन व्हायचे, लहान केला की पुन्हा कुणीतरी मान ताठ करून माझ्याकडे बघत उभं आहे असं वाटायचं. आणि मी हसतेय, पाठ त्याच्याकडे करून.

ज्यांनी धाविक पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. टिटवीच्याच थोरल्या कुळातला, पण तिच्याहून लहान, आणि तिच्यासारखा आरडाओरडा न करणारा. डोक्यावर विटकरी टोपी, डोळ्यावरून मागं जाणारी पांढरी पट्टी, तिच्याखाली काळी, आणि पाय चिनीमातीच्या कपासारखे पांढुरके. सुर्रकन दहा पावलं पळतो आणि गप्पकन थांबतो. थांबला की संपलं. तुमची नजर त्याच्यावर असताना तो तुमच्या समोरून नाहीसा होतो, कारण त्याच्या पाठीचा रंग आणि मुरमाचा रंग एकच. मग कधीतरी वाकून एक वाळवी उचलतो, तेव्हा कळतं की अरे, इथंच तर होता. घरटं नाहीच. उघड्या जमिनीवर दोन-तीन अंडी, खड्यांसारखी, काळपट शिंतोड्यांची. त्यांच्यावर पाय पडेपर्यंत ती दिसत नाहीत.

पक्षी बघायला मी २०२० मध्ये लागले, घरात कोंडलेले असताना, गॅलरीतून. समोरच्या वाळक्या फांदीवर तांबट ठोकत बसायचा, त्याच्यापासून सुरुवात. बाहेर पडायची मुभा मिळाली तसे सगळे जातात तिथंच मीही गेले, सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत. ओढ्याच्या कडेनं आत शिरलं की अंगावर गारवा येतो, कुजलेल्या पानांचा ओला वास येतो. उंबर, करंज, जुने आंबे, आणि वरच्या कुठल्यातरी कपारीतून शीळकरी कस्तूर शीळ घालत असतो, शाळा बुडवून हिंडणाऱ्या पोरानं घालावी तशी, सूर लागतो न लागतो तोच सोडून दिलेली. तिथं मी पहिल्यांदा स्वर्गीय नर्तक पाहिला. पांढराशुभ्र नर. ओढ्याच्या डोहावर आला, पाण्याला पोट लावून वर उठला आणि ती दोन लांब पिसं त्याच्यामागून फितीसारखी ओढली गेली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि शेजारी बसलेल्या अनोळखी बाईनं काही न बोलता माझा हात दाबला होता. जंगलाचं असं असतं. ते तुम्हाला पोटाशी घेतं. त्याच्यावर प्रेम करायला शिकवावं लागत नाही.

माळाचं तसं नाही. पहिल्यांदा काकांनी मला सासवडच्या माळावर नेलं तेव्हा गाडीतून उतरून मी चारी बाजूंना पाहिलं आणि मनात म्हटलं, इथं काय आहे? डिसेंबरची सकाळ होती. गवत वाळून सोनेरी-तांबूस झालेलं, मध्ये मध्ये उघडा मुरूम, लांबवर एखादं हिवराचं झाड, क्षितिजावर पुरंदर आणि त्याला चिकटून वज्रगड. वारा होता. कुसळी गवताची कुसळं मोज्यात शिरून पोटऱ्यांना टोचत होती. “बसा,” काका म्हणाले. बसलो. दहा मिनिटं, वीस मिनिटं. मग हळूहळू, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी तशी, उजेडाची सवय व्हायला लागली. समोरचं ढेकूळ चालायला लागलं, ती तिरचिमणी निघाली. झुडपाच्या शेंड्यावर खाटीक पक्षी होता, तो पहिल्यापासून होता. भोवत्या नावाचा एक शिकारी पक्षी गवतावरून इतका खाली तरंगत आला की त्याच्या पंखांनी गवताचे तुरे हलले असावेत. मध्य आशियातून हिवाळ्यापुरता येतो आणि रात्री झाडावर नाही, या गवतातच जमिनीवर झोपतो, असं काका म्हणाले, तेव्हा मी त्या गवताकडे प्रथमच कुणाच्या तरी अंथरुणाकडे बघावं तसं पाहिलं.

आणि डोंबारी. चिमणीएवढा चंडोल, डोकं राखी, पोट काळंकुट्ट. हे नाव ज्यानं कुणी दिलं असेल त्यानं हा पक्षी मनापासून पाहिलेला आहे. तो पंख फडफडवत सरळ वर चढतो, चढतच जातो, एवढासा होतो, आणि मग पंख मिटून दगडासारखा खाली येतो. एक लांब शीळ त्याच्यासोबत खाली येत असते. आता आपटणार असं वाटून आपला श्वास अडकतो, तोच जमिनीच्या हातभर वर पंख उघडून पुन्हा वर. पुन्हा पडणं. बांबूच्या काठीवर पोर चढवणाऱ्या डोंबाऱ्याचा खेळ मी लहानपणी सुप्याच्या बाजारात पाहिलाय, आत्याचं घर तिथं होतं. ढोलकीचा ठेका थांबायचा तेव्हा सगळा बाजार थांबायचा. इथं ढोलकी नव्हती, बाजार नव्हता, कुणी बघत नव्हतं.

आत्याच्या घरामागून माळ सुरू व्हायचा. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही त्यावर बोरं वेचायला जायचो, पण ‘माळावर जाऊन आलो’ असं कुणी म्हणत नसे. म्हणायचे, ‘कुठं नाही, असंच.’ माळ म्हणजे कुठं नाही. सातबाऱ्यावर त्याला शब्द आहे, पोटखराबा. पीक येत नाही ती जमीन खराब. वर्तमानपत्रात वर्षाला चार तरी बातम्या येतात, ‘ओसाड माळरानावर फुलवलं नंदनवन’, आणि त्या वाचून मला कायम बरं वाटत आलंय. एखाद्या शेतकऱ्यानं मुरमात डाळिंब उभं केलं तर त्यामागं किती उन्हाळे असतात ते मी घरात पाहिलंय. शाळेच्या भिंतीवर ‘झाडे लावा, झाडे जगवा’ होतं, पिवळ्यावर हिरव्या अक्षरांत. एक झाड लावणं हे आमच्या पिढीला निखळ चांगलं काम म्हणून शिकवलं गेलं, ज्यात कुणाचंच काही वाईट नाही असं एकमेव काम. म्हणून त्या फोटोतलं माझं हसू खोटं नाही. तेच तर अवघड आहे.

काकांनी एकदा मला विचारलं होतं, पुण्यातून निघालेलं घोडदळ कशावर चालायचं? मी म्हटलं, पराक्रमावर. ते म्हणाले, गवतावर. पेशवाईत घोड्यांसाठी सरकारी कुरणं राखलेली असत. त्याआधी महाराजांनी चिपळूणजवळच्या छावणीतल्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा बराच भाग वैरण आणि दाणा जपण्याबद्दलच आहे. कुणी स्वैपाकाला चूल पेटवेल, कुणी तंबाखू ओढेल, रात्री दिव्याची वात उंदीर ओढून नेईल, ठिणगी पडेल, गवत जळेल, घोडी मरतील. त्या पत्रातली रयतेची कळकळ आपल्याला शाळेपासून माहीत आहे. गवताची काळजी मी कधी लक्ष देऊन वाचलीच नव्हती. पुढं इंग्रजी अंमलात कर्नल साइक्स नावाचा अधिकारी सरकारसाठी आकडेवारी गोळा करत दख्खनभर हिंडला आणि जोडीला पक्षी टिपत गेला. १८३२ मध्ये त्यानं दख्खनच्या पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. आपल्या पाणथळीतली ढोकरी आणि मोठा सातभाई यांची शास्त्रातली पहिली नोंद त्याचीच, आणि माळावरचा एक तुरेवाला चंडोल आजही त्याच्या नावानं ओळखला जातो. त्या चंडोलाच्या शास्त्रीय नावात ‘देवा’ असा शब्द आहे. पक्ष्यांच्या शास्त्रीय नावांत मला एरवी रस नाही, हे एक मात्र विसरता येत नाही.

म्हणजे कधीतरी या माळाला नाव होतं, राखणदार होते, मोजणारे होते. पुणं शहर ज्या उंबरठ्यावर बसलंय त्याच्या एका बाजूला सह्याद्रीचा धो धो पाऊस आणि दुसऱ्या बाजूला पर्जन्यछाया. सिंहगडाकडून सुप्याकडे जाताना पाऊस मैलागणिक आटत जातो. जिथं पाऊस तेवढाच पडतो तिथं गवतच उगवायचं असतं, ती जमीन आजारी नसते. पण जंगल तोडलं की हळहळ होते, माळावर झाडं लावली की टाळ्या. सोलापूरजवळ नान्नजला १९७९ मध्ये माळढोकासाठी अभयारण्य झालं, आणि तरीही आज महाराष्ट्रात माळढोक दिसणं जवळपास संपलंय. ज्या पक्ष्याच्या नावातच माळ आहे त्याला माळ उरला नाही. सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, १९९७ चं, चिंकारांसाठी. क्षेत्रफळ पाच चौरस किलोमीटरहून जेमतेम जास्त. तिथं पहाटे चिंकारा कान टवकारून उभी असते आणि कुंपणापलीकडून मोटारपंपाचा आवाज येत असतो. मी तिथं जाते तेव्हा मला आनंदही होतो आणि कुणाच्या तरी एका खोलीत उरलेल्या संसाराला भेटून आल्यासारखंही वाटतं.

त्या जुलैच्या रविवारची एक गोष्ट फोटोत नाही. आम्ही चराच्या कडेनं रोपं लावत होतो तेव्हा एक धनगर मावशी शेळ्या-मेंढ्या घेऊन बाजूनं चालल्या होत्या. डोक्यावर पोत्याची खोळ, हातात काठी. थांबल्या, आमचं बघत राहिल्या. मी त्यांना लाडू दिला, आम्ही डबा भरून नेले होते. लाडू पदरात बांधत त्या म्हणाल्या, “हितं झाडं कशापायी लावताय, बाय? मोकळं हाय, बरं हाय की.” मी म्हटलं, “मावशी, सावली होईल. पाऊस येईल.” त्या चराकडं बघून म्हणाल्या, “टिटवीला बसाया जागा ऱ्हायली न्हाई.” टिटवी उंचावर अंडी घालते का खोलगटात यावर पावसाचा अंदाज बांधणारी ही माणसं, त्यांच्या बोलण्यात टिटवी येणारच, असं समजून मी हसले आणि पुढचं रोप उचललं. त्या वाईट बोलल्या नाहीत, समजवायला थांबल्या नाहीत. मेंढरं पुढं गेली होती, त्या त्यांच्यामागं गेल्या.

टिटवी हा त्यांचा शब्द असेल, पक्षी दुसराही असू शकेल. त्या चराकडं बघत होत्या का चरापलीकडं, हे मला आता सांगता येत नाही.

एक चर खणला तर काय होतं ते मी पुढं काकांबरोबर फिरताना पाहिलं. हातभर खोल, दीड-दोन हात रुंद, डोंगराच्या उतारावर तो पाणी अडवतो आणि गावाच्या विहिरीला ते पाणी पोचतं. पाण्यासाठी राबणाऱ्या गावांबद्दल मला आदरच आहे. सपाट माळावर मात्र तो जमीन कापतो. धाविकाची पिल्लं अंड्यातून बाहेर पडल्यावर लगेचच आई-बापामागं चालायला लागतात. बोटाच्या पेराएवढी पावलं. त्यांना हातभर खोल खंदक ओलांडता येत नाही. चराच्या बांधावर माती येते, मातीवर घाणेरी येते, रोपं जगली तर गिरिपुष्पाची रांग उभी राहते, जिला आपल्याकडं उंदीरमारी म्हणतात. उघडं बघून अंडी घालणारा पक्षी आडोसा बघून निघून जातो, कारण आडोशात कोल्हा आणि मुंगूस असतात. धाविक, माळटिटवी, पाखुर्डी, चंडोल, डोंबारी, तित्तिर, हे सगळे जमिनीवर संसार मांडणारे. पाखुर्डीचा नर सकाळी उशिरा तळ्यावर येतो, पाण्यात पोट बुडवून बसतो आणि छातीच्या पिसांत पाणी भरून ते पिल्लांना पाजायला मैलोन् मैल उडत जातो. मी एकदा दुर्बिणीतून त्याची ओली, गडद झालेली छाती पाहिली आहे. त्या पाण्याची वाट बघणारं पिल्लू जिथं बसलंय तिथं आपण खड्डा खणत असू, याची शक्यता एकदा डोक्यात आली की जात नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी मी काकांना म्हटलं, मला त्या जागी जायचंय. उजाडायच्या आत घाट चढलो. मस्तानी तलावाकडं अजून अंधार होता, वर माळावर निळसर उजेड. जागा सापडायला वेळ लागला, कारण तेव्हाचा पाण्याचा टँकर उभा केलेला रस्ता आता डांबरी झालाय आणि एका बाजूनं प्लॉटिंगचे दगड रोवलेत. पण चर सापडले. सात पावसाळ्यांनी ते निम्मे भरून आलेत, काठावर मारवेल गवत परतलंय. रोपांच्या रांगेत बहुतेक जागी नुसत्या बांबूच्या काड्या उभ्या होत्या, काहींना आमच्या हिरव्या सुतळीचे तुकडे अजून होते. तीन-चार झाडं जगली होती. त्यातला एक कडुनिंब माझ्या डोक्याच्या उंचीचा, आणि फोटोतल्या ओळीप्रमाणे पाहिलं तर तो बहुधा माझाच. बुंध्याला शेळ्यांनी ओरबाडलेलं, पण शेंड्याला तांबूस कोवळी पालवी. मी पालवीला हात लावला. मला आनंद झाला. झाला म्हणजे झाला, आईनं मुलाची उंची बघावी तसा, आणि त्याच क्षणी त्या आनंदाचं काय करायचं हे कळेना. फांदीवरून एक खाटीक उडाला आणि पलीकडच्या काडीवर जाऊन बसला. ही उंच जागा नव्हती तेव्हा तो इथून टेहळणी करत नव्हता, एवढंच मनात आलं.

मग मी फोन काढला. फोटो उघडून हात लांब करून धरला आणि फोटोतली क्षितिजाची रेघ समोरच्या रेघेला जुळवायला लागले. वज्रगडाचं टोक फोटोत हिवराच्या डाव्या फांदीला टेकलेलं आहे. हिवर तसाच होता. चार पावलं मागं, दोन पावलं उजवीकडं, थोडी खाली बसले, तेव्हा टोक फांदीला टेकलं. आता ठिपका. काकांना म्हटलं, तुम्ही पुढं चालत जा, मी सांगते. ते चर ओलांडून पलीकडं गेले. “डावीकडं. अजून थोडं. नाही, मागं.” फोटोत पंधरा-वीस पावलांवर वाटत होतं, प्रत्यक्षात चाळीस तरी निघाली. “थांबा.”

काका थांबले. ऊन आता जमिनीला लागून येत होतं आणि प्रत्येक खड्याला लांब सावली होती. त्यांनी खाली पाहिलं, मग स्वतःभोवती सावकाश एक पूर्ण फेरी घेतली. दगड असता तर तो दोन वितींचा तरी असायला हवा होता, आणि तेवढा दगड कुणी त्या माळावरून उचलून नेत नाही.

“इथं दगड नाहीये,” ते म्हणाले. वाऱ्यामुळं आवाज उशिरा आल्यासारखा वाटला. “मुरूम आहे. लेंड्या आहेत. बाकी काही नाही.”

मी उठून त्यांच्याकडं निघणार तोच त्यांनी तळवा उभा करून मला थांबवलं. एप्रिल होता, अंड्यांचे दिवस. त्यांनी मान खाली घातली, आपल्या आलेल्या पावलांचे ठसे शोधले, आणि एकेका ठशावर पाय ठेवत परत यायला लागले.